खाडीतला हट्टी खांब

मित्रांनो, मी खाडीत उभा असलेला एक जुना लाकडी खांब आहे. जरासा कललोय, पण हट्टाला पक्का. माझ्या डोक्यावर पाटी आहे: 'येथून पुढे इंजिनच्या बोटींना कायद्याने मनाई.' माझ्या पाठीमागे चिखलाचं बेट आहे. तिथे पक्षी अगदी पाण्यालगत घरटी करतात. बोटीची एक मोठी लाट आली, की अंडी गेलीच म्हणून समजा.

सुतारदादांनी मला तासलं, डांबर फासलं आणि खोल पाण्यात रोवलं. हळूहळू कमरेपर्यंत शिंपल्या चिकटल्या. होडीवाली काकू पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून आणायची आणि माझ्यापाशी हळूच म्हणायची, "आता तोंडं बंद, डोळे उघडे." तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

मग काकूच्या धाकट्या दिराने इंजिनची बोट घेतली आणि माझे ग्रह फिरले. त्याला पाहुण्यांना पक्षी जवळून दाखवायचे होते. एका दुपारी त्याने मला दोर बांधून उपटलं आणि बेटाच्या तोंडाशी, उथळ पाण्यात रोवलं. वर अंगभर जाड हिरवा रंग फासला. त्याच आठवड्यात लाटांनी माझ्या डोळ्यांदेखत दोन घरटी नेली. मला वाचा असती तर त्याला चांगलंच सुनावलं असतं.

काकूने तक्रार केली. वनखात्याच्या अधिकारी बाई ऐन भरतीला आल्या.

"वहिनी, खांब पहिल्यापासून इथेच आहे. तुम्हाला भास होतोय," दीर म्हणाला.

"भाऊजी, केस पिकलेत माझे. डोळे शाबूत आहेत."

बाईंनी माझ्या कमरेवरून हात फिरवला आणि त्यांचं बोट कापलं. रंगाखाली शिंपल्या होत्या. पाणी मात्र माझ्या गुडघ्याशी होतं.

"भरती पूर्ण आहे ना?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण. याहून वर पाणी चढतच नाही," दीर ऐटीत म्हणाला.

"मग या शिंपल्या काय हवा खाऊन वाढल्या?"

दिराच्या बोटीचा परवाना रद्द झाला. ओहोटीला मला मूळ जागी रोवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. तो चिखलात रुतून घामाघूम झाला, तेव्हा काकूने दुसऱ्या बाजूने मला धरलं.

"वहिनी, मला वल्हवायला शिकवाल?"

"आधी खांब सरळ धरा."

घरटी गेलेल्या पक्ष्यांनी पुन्हा काड्या जमवल्या. दीरही आता वल्ही मारत येतो आणि माझ्यापाशी आवाज खाली आणतो.

मित्रांनो, खाडी बघायला जरूर या, पण पाटी वाचा आणि लाटा उठवू नका. बेटावर अंडी आहेत, आणि मी आता जागचा हलणार नाही.