मंगळवारी निघालेली होडी

मी वावा नावाच्या झाडाच्या एका खोडातून कोरलेली होडी. घानाच्या किनाऱ्यावर एगिर नाखव्याकडे असते. मला कोरणाऱ्याने आधी झाडाची माफी मागितली, मगच कुऱ्हाड उचलली. घ्यायचं ते विचारून घ्यावं, ही इथल्या माणसांची रीत.

समुद्रालाही विसावा हवा, म्हणून मंगळवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी होडी लोटली, तर मेंढा दंड. आम्ही वाळूवर पडून राहायचो. खलाशी जाळी शिवता शिवता फुटबॉलवरून भांडायचे. मला तो दिवस फार आवडायचा.

आता धसका बसतो. किनाऱ्यालगतचं पाणी कायद्याने आम्हा होड्यांसाठी राखलेलं आहे, कारण मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. पण मंगळवारी बघायला कोणी नसतं, हे मोठ्या जहाजांनी हेरलंय. ती आत शिरून तळ खरवडून नेतात. बुधवारी आमच्या जाळ्यात चिखल येतो.

अधिकारी म्हणतात, जहाजाचं नाव सांगा, मग पकडू.

"मंगळवारी जाऊन वाचून येतो," एगिर म्हणाला.

"आणि मेंढा कोण देणार? तुझा सासरा?" कोळ्यांचे प्रमुख नाना अन्सा म्हणाले.

"जाळं नेत नाही, नाना."

"गुत्त्यात पाणी प्यायला जाणारे पुष्कळ पाहिलेत मी."

सगळे हसले. आमची मासळी भट्टीत धुरवून विकणारी आराबा मावशी मात्र हसली नाही. "नाना, माझी भट्टी महिनाभर थंड आहे. मासाच उरला नाही, तर सुट्टी कुणासाठी पाळायची?"

मंगळवारी पहाटे नाना स्वतः आले, माझा कानाकोपरा चाचपला, दोरीत अडकलेला एक गळसुद्धा काढून घेतला. म्हणाले, "आता जा."

जाळ्याच्या वजनाविना मी लाटांवर नुसती उडत होते. जहाज दिसलं. तिथून किनाऱ्यावरच्या चर्चच्या खिडक्यासुद्धा मोजता येत होत्या, इतकं ते आत आलेलं. पण नावावर ताडपत्री टाकलेली. एगिरने मला आणखी जवळ नेलं. जहाजाने वेग कमी केला नाही. त्याच्या लाटेने मला उचलून आपटलं, खोडाच्या कडेवर उंचीसाठी ठोकलेली फळी तडकली. पाणी उपसत कसेबसे परतलो.

नानांनी त्या तड्यावरून बोट फिरवलं. "एका होडीचं कोण ऐकतं? पुढच्या मंगळवारी सगळ्या होड्या जहाजाला अडवायला निघतील. जाळी घरी ठेवा."

तो मंगळवार उद्या आहे. फळी ठोकून झाली. खलाशी माझ्या सावलीत मक्याची केंकी खाताहेत, पण आज फुटबॉलचा विषय कोणी काढत नाही. मी लाकूड, मी तरंगेन. या आठ जणांचं तसं नाही.

जहाजांना हद्द आखून देणाऱ्यांनो, ती राखलीत तर आमची सुट्टी आम्हाला परत मिळेल. आणि उद्या मी उपडी होऊन किनाऱ्याला लागले, तर माझ्या पोटात जाळं शोधू नका.