बॅटरीची गोधडी

हिरामणला पहाटे दम लागे आणि नेमके पहाटेच लाइट जात. म्हणून अभिजीतने उल्हासनगरच्या बाजारातून लॅपटॉपचे जुने सेल आणले, एकेक तपासून जोडले आणि वडिलांच्या वाफेच्या मशीनसाठी घरीच बॅटरी केली. हेंद्रेपाड्याच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर ती ठेवून देताना तो म्हणाला, "आई, ही थंडीला भिते. गार पडली की मान टाकते. चुलीजवळ नको ठेवू, फुटेल. फक्त पांघरूण घालत जा."

"खुडूक कोंबडीसारखं बसायचं म्हण की तिच्यावर," बनूबाई हसून म्हणाल्या.

त्या वर्षी नदीकडून हाडं गोठवणारं वारं येत होतं. घरातले दोन्ही रग हिरामणच्या अंगावर. उरली बनूबाईंची गोधडी, त्यांच्या आईने आपल्याच लुगड्यांची शिवलेली. एका पहाटे हिरामणने ती बॅटरीवर घालायला लावली.

"अहो, मग मी काय घेऊ?"

"उजाडेल की आता. मग उन्हात बस."

"अंगात कसर आहे माझ्या."

"बॅटरी बिघडली तर पोराला रजा काढून यावं लागतं. तू काय, आपोआप बरी होतेस."

बनूबाई उलटून बोलत नसत. मार्गशीर्षातले गुरुवार त्यांनी धरले होते. तापातही गार पाण्याने अंघोळ करून त्या घट मांडत आणि नवऱ्याचं आयुष्य मागत. रोज संध्याकाळी बॅटरीला लेकरासारखं गुंडाळत आणि स्वतः पोत्यावर पाय पोटाशी घेऊन पडत. पहाटे लाइट गेले की मशीन गुरगुरे, हिरामण वाफ ओढे.

उद्यापनाला सवाष्णी आल्या. शेजारची तुळशी कुंकू लावून घेताना म्हणाली, "काकी, तुमच्या व्रतानेच काका तगले हो."

खाटेवरून हिरामण म्हणाला, "व्रताने कुठलं? बॅटरीने. हिच्या उपासाने फक्त पीठ वाचतं. आणि हो, ती गोधडी आता बॅटरीचीच. हिच्या अंगाचा वास लागलाय, पण बॅटरी बिचारी बोलत नाही."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बनूबाईंनी प्रत्येकीच्या ओटीत फळ घातलं, वाकून नमस्कार केला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी घट हलवला, पाणी अंगणातल्या तुळशीच्या रोपाला घातलं, पानं घराच्या कोपऱ्यांत ठेवली. देवीपुढे हात जोडून पुटपुटल्या, "मागितलं ते व्रतापुरतं मागितलं, माये. आता ओझं नको तुला." संध्याकाळी बॅटरीवरची गोधडी उचलली, झटकली आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवली.

पहाटे लाइट गेले. मशीन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. हिरामणच्या छातीत शीळ वाजू लागली.

"बने, बॅटरी... गोधडी कुठंय?"

"माझ्या अंगावर."

"घाल तिच्यावर... जीव चाललाय माझा."

कितीतरी दिवसांनी बनूबाईंचे पाय गरम झाले होते. त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"उजाडेल की आता. मग उन्हात बसा."