कांचनगडची फौज

कांचनगडच्या राजाकडे नाटकात बारा हजारांची फौज होती. हिवरटोल्याच्या शाळेच्या पटांगणावर तालमीला मात्र आठच जण यायचे, आणि त्यातले पाच मँगनीजच्या खाणीतली पाळी संपवून, अंगावरची काळी धूळसुद्धा न धुता सरळ येत.

हे राज्य घनश्याम गुरुजींनी स्वतः रचलेलं. दरवर्षी पौषात गावात शंकरपट भरायचा, बैलजोड्या पळायच्या, आणि त्या रात्री नाटक व्हायचं. नाटक गुरुजींचंच असायचं. राजा, राणी, कपटी प्रधान ही मंडळी बरी वठायची. घोळ व्हायचा तो फौजेत. मागच्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, लढाईत मेलेल्या एका शिपायाला डास चावला. त्यानं पडल्यापडल्या पोटरी खाजवली आणि सगळा मांडव असा हसला, की राणीचा विलाप कोणाला ऐकूच आला नाही. गुरुजींना ते वर्षभर खुपत होतं.

म्हणून या साली ते यादोरावकडे आले. यादोराव पंधरा वर्षं पलटणीत काढून, हवालदार होऊन चौऱ्याहत्तरला घरी आलेला. वय चाळिशीच्या आतच, पण गुडघे पार गेलेले. गावात त्याला ‘मिलिटरी’ म्हणत. एकाहत्तरच्या लढाईचं कोणी विचारलं की तो एवढंच म्हणायचा, “थंडी लय होती,” आणि बैलांना पेंढी टाकायला उठायचा.

“गुरुजी, मले आता कोनाले कदम शिकवाचे नाहीत,” तो पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा गुरुजी आले तेव्हा त्याची बायको सुमनबाई मधे पडली. “जा ना जी. घरी बसून कोनती तोफ पुसून राहिले तुमी?”

यादोरावनं दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाला, “फक्त चालाचं शिकवीन. मी काही स्टेजवर येनार नाही.”

पहिल्या संध्याकाळी त्यानं फौज एका रांगेत उभी केली. हातात बांबूचे भाले, त्यांना पत्र्याची टोकं. टोपल्यांना डांबर फासून केलेल्या ढाली. “सावधान!” त्याचा आवाज पूर्वीसारखाच निघाला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. रांगेत सहावा सेवकराम होता. तो भाल्याला टेकून उभ्याउभ्याच झोपी गेला होता. पहाटेपासून खाणीत घमेली उचललेला माणूस. बाकीचे हसले. गुरुजी खेकसणार तेवढ्यात यादोरावनं हात वर केला.

“बसा सारे,” तो म्हणाला. “बिडी फुका.”

बिड्या संपेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग तो म्हणाला, “आता उठा, अन् खाणीतून घरी जाता ना, तसे चाला. त्या लिंबाच्या झाडापावतर.”

माणसं उठली आणि चालू लागली. खांदे पडलेले, पाय फरफटत, कोणाची नजर कोणाकडे नाही. भाले खांद्यावर फावड्यासारखे टाकलेले.

“हेच. असेच चाला.”

गुरुजी धावत आले. “अहो यादोराव, राजाची फौज आहे ही! रुबाब पाहिजे की नाही?”

“रुबाब सव्वीस जानेवारीले असते, गुरुजी. लढाईच्या दिवशी नसते. तीन रात्री झोपलेलं नसते कोनी.”

गुरुजींना ते पटलं नाही. पण मागचं हसणं त्यांच्या कानात अजून होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही.

चालणं जमलं. मरणं जमेना. कांचनगडचा निशाणबारदार ताराचंद होता. किराणा दुकानवाल्याचा पोरगा, आवाज खणखणीत, म्हणून गुरुजींनी त्याला मरताना बोलायला अकरा ओळी दिल्या होत्या. छातीवर हात दाबून तो गुडघ्यावर यायचा. “कांचनगडच्या माते, तुझ्या लेकराचं हे शेवटचं वंदन...” मग एक गिरकी घ्यायचा, निशाण कवटाळायचा, पुन्हा चार ओळी म्हणायचा आणि मग कुठे पडायचा. यादोराव त्या वेळी पाठ वळवून ढाली मोजत बसे.

तालमीला बघे असायचेच. त्यात एक धुरपता होती. पंचावन्नच्या आसपासची बाई, शाळेच्या भिंतीशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली. नाटकाची हौस तिला कधीच नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा तेजराम यादोरावच्याच पलटणीत होता आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेकडच्या आघाडीवर मारला गेला. नंतर सुट्टीवर आलेल्या यादोरावनं तिच्या दारात उभ्याउभ्याच सांगितलं होतं, “लागलीच गेला, काकी. त्याले काही समजलंच नाही.” तिनं पाणी आणेपर्यंत तो निघालाही होता. त्यानंतर त्यानं तिच्या गल्लीतून जाणंच सोडलं. शेतावर जायला तो बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, पाळीवरून मोठा वळसा घेई. सुमनबाईनं विचारलं तर म्हणे, त्या वाटेनं काटे आहेत.

पाचव्या दिवशी तालीम सुटली. माणसं घरी निघाली. यादोराव भाले गोळा करत होता.

“यादो,” धुरपता भिंतीशी बसूनच म्हणाली, “माझा तेजराम असाच पडला का गा? त्या ताराचंदसारखा?”

त्यानं भाले खाली ठेवले. “नाही, काकी. असं कोनी पडत नाही.”

“मंग कसा पडला?”

“सांगतलो होतो ना मी. लागलीच...”

“लाखनीच्या मोटार स्टँडवर तुमच्या पलटनीतला एक मानूस भेटला होता मले. चार वर्सं झाले.” तिची बोटं पान गुंडाळतच होती. “गाव इचारलं त्यानं, नाव इचारलं. मंग म्हने, तुमचा पोरगा दुपारपावतर जिता होता. यादोराव होता त्याच्यापाशी.”

यादोरावनं खाली ठेवलेल्या भाल्यांतला एक पुन्हा उचलला.

“तू येशीन, सांगशीन म्हनून वाट पाहून राहिली होती मी. आता थकली.”

तो तिच्यासमोर मातीत बसला. गुडघे कडकड वाजले. हातातल्या भाल्याचं पत्र्याचं टोक तो बोटानं चाचपत राहिला. मग बोलू लागला तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की धुरपताला पुढे वाकावं लागलं.

“सकाळी लागली गोळी. पोटात. वावरातल्या बांधीतच पडला तो. तिकडंही धानच होता, काकी, आपल्यासारखा. कापनी होऊन गेली होती. मी त्याले धुऱ्याच्या मातीच्या आडोशाले ओढून आनलो. पानी मांगे. पोटात लागली तं पानी देऊ नये म्हनतेत. मी नाही देलो. तो मांगतच राहिला, मी नाही म्हनतच राहिलो.”

“मंग?”

“मंग पुढं जाचा हुकूम आला. त्याचं डोस्कं धुऱ्यावर टेकवून देलो अन् गेलो. सांज झाल्यावर वापस आलो, तं संपला होता. दुपारी गेला का मंग गेला, ते मले मालूम नाही. त्या मानसाले वाटलं मी होतो. मी नव्हतो, काकी. कोनीच नव्हतं.”

पटांगणावर आता दोघंच होती. नाकाडोंगरीच्या बाजूनं मालगाडीचा आवाज येत होता, तो थांबल्यावर धुरपतानं नवं पान उचललं.

“तवा काय बोलला तो?”

“मोठं असं काही नाही बोलला. बूट घट्ट होऊन राहिला म्हने, डावा. काढून दे म्हने. मी काढलो. अन् इचारे, बोडीत पानी असन का यंदा.”

“डावा पाय मोठाच होता त्याचा,” धुरपता म्हणाली. “लहानपनापासून. चप्पल घेतली का रडे.” तिनं पदरानं नाक पुसलं. मग सरळ त्याच्याकडे पाहिलं. “पानी नाही देलं, म्हनून वाचला का गा तो?”

“नाही.”

“मंग देऊन टाकाचं होतं घोटभर.”

गेली आठ वर्षं रोज सकाळी तांब्या तोंडाला लावताना हेच वाक्य यादोरावनं स्वतःला ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं. त्याला वाटलं होतं, हे बाहेर पडलं की ती ओरडेल, छाती पिटेल, त्याला शिव्या घालेल, आणि मग काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. ती ओरडली नाही आणि त्याला हलकंही वाटलं नाही. अंगातलं उरलंसुरलं बळ निघून गेल्यासारखं मात्र वाटलं.

“आठ वर्सं काहून नाही आला तू माझ्या घरी? त्याच्यातही हुकूमच होता का?”

“नाही. ते माझंच होतं.”

तिनं सुपातल्या बिड्या एका फडक्यात बांधल्या आणि भिंतीला धरून उठली. चार पावलं जाऊन थांबली. “इतवारी ये. मरनाचं सांगतलं तू. आता जिता होता तवाचं सांग. ते तं मले कोनीच नाही सांगतलं.”

त्या संध्याकाळी यादोरावनं सुमनबाईलाही सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत राहिली. भाकर करपली तरी तिनं ती उलटली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “माझ्याजवळही नाही बोलले तुमी,” आणि करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

शंकरपटाचा दिवस आला. धुळीनं आभाळ भरलं, जोड्या पळाल्या, आणि अंधार पडल्यावर पडदा उघडला. कांचनगडचा राजा गात होता, प्रधान कट शिजवत होता. यादोराव अगदी मागं, घोंगडी पांघरून सुमनबाईशेजारी बसला. दुसरा अंक सुरू होईपर्यंत त्याचे डोळे मिटले. इतकी गाढ झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तो जागा झाला तेव्हा लख्ख उजाडलं होतं, मांडवातली माणसं सतरंज्या झटकत होती, आणि सेवकराम तोंडाचा रंग पुसत समोर उभा होता.

“कसा झाला आमचा मुकाबला, हवालदारसाहेब?”

यादोरावला लाज वाटली. “झोपलो गा मी.”

सेवकराम हसला. “आमीही अर्धे झोपलेच होतो.”

घरी जाताना सुमनबाईनं सांगितलं. पहाटे, तांबडं फुटताना लढाईचा प्रवेश आला. तुमची फौज पाय ओढत आली तर कोणी हसलं नाही. बाजूची एक म्हातारी म्हणाली, किती दुरून आले असतीन बिचारे. ताराचंदनं त्याच्या अकरा ओळी म्हटल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या, पुन्हा म्हणायला लावल्या; तो दोनदा मेला. गुरुजी विंगेत उभे राहून रडत होते.

“धुरपताकाकी आली होती?”

“नाही. मी पाहिलं ना बायांत.”

रविवारी जेवणं आटोपल्यावर यादोराव त्या गल्लीत शिरला. आठ वर्षांत तिथं दोन घरं नवी झाली होती, एक पडलं होतं. धुरपतानं पाट दिला, पाणी दिलं. तो तांब्या हातात धरून बसला; मग प्यायला. कुठून सुरू करावं ते त्याला कळेना. तेजराम पलटणीत पहिल्यांदा आला ते सांगायला लागला आणि लक्षात आलं, की मधलं पुष्कळ विसरून गेलंय. तेजराम लंगरच्या जेवणातल्या वरणाला नावं ठेवायचा. परेडमध्ये डावा पाय पुढे टाकताना तोंड वाकडं करायचा. एकदा थंडीत यादोरावचे मोजे चोरून घातले होते, आणि पकडला गेल्यावर खुशाल म्हणाला होता, की गावचा माणूस म्हणून तुमचेच घेतले. धुरपता मधे मधे विचारी, “अन् मंग?” कधी हसे. संध्याकाळी तो उठला तेव्हा दिवसभर चिखलणी केल्यासारखं अंग दुखत होतं.

पुढल्या रविवारीही तो गेला, त्याच्या पुढल्याही. फाल्गुन लागेस्तोवर त्याच्याजवळचं सगळं सांगून संपलं.

“आता काही नाही उरलं, काकी,” तो म्हणाला.

धुरपतानं सुपात तंबाखू घेतला, पानांची चळत पुढे ओढली. “तं मोज्याचंच सांग पुन्हा,” ती म्हणाली.