नरसाळ्यातली हॅट

इंजिनाच्या हँडलचा पहिला फटका डिझेलवाल्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज धक्क्यावर जाळी ओढणाऱ्यांनाही ऐकू गेला. डिझेलवाला पिंपावरच कोसळला. थोरल्याने त्याला कॉलर धरून वर ओढलं आणि तोंडावर ठोसा लगावला.

"पाणी विकलंस मला!"

"नाही रे बाबा..." रक्ताबरोबर एक दात त्याच्या हनुवटीवर आला. "पोरांची शपथ!"

"माझ्या भावाचा पाय गेला!"

डिझेलवाल्याची बायको दुकानातून किंचाळत आली आणि हाताला लागेल त्याने थोरल्याची पाठ बडवू लागली. त्याला काही जाणवत नव्हतं. शेवटी चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. पण त्या चौघांनाही त्याचा राग पटत होता.

"उद्यापासून ह्या माणसाकडे कोणी कॅन घेऊन यायचं नाही," त्यांच्यातला एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

चार दिवसांपूर्वी बंदराच्या तोंडाशी, नेमकं खडकांजवळ, थोरल्याच्या होडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. लाटेने होडी खडकावर ढकलली तेव्हा धाकटा पाय लावून ती थोपवायला गेला. वेडाच तो. त्याच्या पायाचा भुगा झाला. डॉक्टरांनी गुडघ्याखालून कापला. आज होडी ओढून आणल्यावर थोरल्याने इंजिनाची गाळणी उघडली, तर काचेच्या वाटीत वर बोटभर डिझेल आणि खाली सगळं पाणी. इंजिन फिरवायचं हँडल उचलून तो थेट इथे आला होता.

आपल्याकडून चूक झाली असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवलीही नव्हती. टाकी रोज काठोकाठ भरायची, म्हणजे आत दव धरत नाही. तळाची तोटी सोडून बघायची. आणि डिझेल ओतायचं ते बापाच्या फेल्ट हॅटमधून. बापाने ती हॅट डोक्यावर कमी आणि नरसाळ्यात जास्त घातली. आधी डिझेलमध्ये भिजवून घेतली की तिच्यातून डिझेल तेवढं उतरायचं, पाणी वर अडायचं. "थोडं पाणी कुठल्याही पिंपात असतंच, विकणारा तरी काय करणार?" बाप म्हणायचा. बाप गेला, हॅट राहिली. ती लावूनही वाटी भरली, म्हणजे त्या चोराने बादलीनेच पाणी ओतलं असणार.

घरी आई मोरीत धाकट्याचे कपडे धूत होती. रक्त निघत नव्हतं.

"फोडलास त्याला?" तिने वर न बघता विचारलं.

"हात मोडला. दात पाडला."

"डोकं फोडायचं होतंस." तिने शर्ट असा आपटला की बटण उडालं. "माझं सोन्यासारखं पोर..."

होडीतून आणलेल्या पिशवीतली हॅट तिने बादलीत बुडवली आणि साबण घेतला.

"हे काय करतेस?"

"धुते. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या रात्री एवढी चोळून चोळून धुतली, तर परत मळवून आणलीत. वाळली नव्हती, पण तुला पहाटेची घाई. तशीच ओली घातली मी पिशवीत."

थोरला पायरीवर बसला. त्या पहाटे अंधारात हॅट हाताला ओली लागली, तेव्हा धाकट्याने ती आधीच डिझेलमध्ये भिजवली असेल, असं तो धरून चालला होता. डिझेल काही केल्या उतरेना, म्हणून चार शिव्या हासडून त्याने हॅट मुठीने दाबली होती. पाण्याने भिजलेली हॅट पाणी सोडते आणि डिझेल अडवते. हे बापाने लहानपणी कानाखाली देऊन शिकवलं होतं.

"कशाला धुतलीस, आई?"

आईचा हात थांबला.

"म्हटलं, डिझेलचा वास गेला की खाली त्यांच्या डोक्याच्या तेलाचा येईल."

"आला?"

"साबणाचाच आला मेला." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

हिला कळलं तर ही जगायची नाही, एवढं एकच थोरल्याच्या मनात आलं. हँडल उचलून तो पुन्हा बाहेर पडला.

धक्क्यावरची माणसं पांगली नव्हती. डिझेलवाल्याचा हात कोणीतरी लाकडाच्या पट्ट्यांत बांधला होता. थोरल्याला बघून तो मागे सरकला आणि त्याची बायको पुढे आली.

"आता जीव घ्यायला आलास?"

"काकू, चूक काकांची नव्हती." सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याने आवाज लावला. "हॅट लावायचा मला कंटाळा आला. तसंच ओतलं मी."

 त्याने हँडल तिच्या हातात दिलं आणि आपला उजवा हात त्याच पिंपावर ठेवला.

"राहू दे गं," डिझेलवाला फुटक्या ओठांनी म्हणाला. पण ती दोनदा विचार करणारी बाई नव्हती.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली. आई दारातच उभी होती, हातात ओलीचिंब हॅट घेऊन. त्याचं सुजून काळंनिळं झालेलं मनगट तिला दिसलं, तरी तिने आधी थोबाडीत दिली.

"कंटाळा आला तुला? कंटाळा?" मग तिने हॅटनेच त्याला झोडपायला सुरुवात केली. साबणाचं पाणी त्याच्या डोळ्यांत उडालं. "त्यांनी जन्मभर सांभाळली, मी एवढी धुऊन दिली, आणि तुला लावायचा कंटाळा?"

"चुकलं माझं."

"भावाचा पाय खाल्लास तू! तोंड दाखवू नकोस मला!"

तो मार खात उभा राहिला. दमून ती उंबऱ्यावर बसली, तेव्हा त्याने हॅटची एक कड डाव्या हातात धरली आणि दुसरी तिच्यापुढे केली.

"धर."

शिव्या देत देतच तिने कड धरली. दोघं पीळ देऊ लागले.

"अजून पीळ," तो म्हणाला. "पाणी राहता कामा नये."

"आता तू शिकवणार मला?" आई म्हणाली.