उजवी बाजू

"लुडविक, हा पंख अजून वर गेला पाहिजे!"

लुडविक झारेंबाने हातातली खरवडणी खाली ठेवली. "कलनसाहेब, सोमवारी म्हणालात खाली घे. मंगळवारी म्हणालात वर घे. आज गुरुवार. आता काय, उडवायची आहे का गाडी?"

डेट्रॉइटच्या त्या मोटार कंपनीत सत्तावीस वर्षं तो नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवत होता. चित्रकारांनी कागदावर रेघा ओढायच्या आणि याने त्या पूर्ण आकारात उभ्या करायच्या. यंदाची गाडी उघड्या टपाची होती, मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखा एकेक उभा पंख.

"पलीकडच्या कंपनीचा पंख आपल्यापेक्षा चार बोटं उंच आहे!" विभागप्रमुख कलन म्हणाला.

"मग मागे शिडीच लावू या."

"थट्टा पुरे. उद्या मालक येताहेत."

"अहो, टप उघडला की गाडीला अंग लपवायला जागाच नसते. दारापासून मागे जाणारी ही एक रेषा, तिच्यावर सगळं. पंख वाढवला की ती मोडते."

"मोडू दे. गिऱ्हाईक पंख बघतं, रेषा नाही."

लुडविकचं डोकं सटकलं. त्याने डाव्या बाजूचा पंख सांगितल्याप्रमाणे चढवला. उजवीला हातही लावला नाही.

सकाळी कलन किंचाळलाच, "हे काय? एक कान वर, एक खाली?"

"वेळ पुरला नाही," लुडविक धडधडीत खोटं बोलला.

तेवढ्यात मालक आलेच. म्हाताऱ्याने दोन फेऱ्या मारल्या, हातमोजा काढला आणि उजव्या अंगावरून तळवा फिरवला.

"हीच बाजू ठेवा. कुणाच्या हातची?"

कलनने घसा खाकरला. "आमच्या विभागाची, साहेब."

लुडविक खरवडणी पुसायला लागला.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" घरी यानिना, त्याची बायको, तडकली.

"सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं. विचारलं तेव्हा घशातून आवाजच फुटेना."

त्याने डावी बाजूही उजवीसारखी केली. महिन्याभरात पत्र्याच्या साच्यांसाठी मापं घेऊन झाली. पुढच्या सालच्या गाडीसाठी हा नमुना उकलून माती मोकळी करायची वेळ आली.

"ते सोड, बाकीचे करतील," कलन म्हणाला. "तू नवे पंख घे. या वेळी आणखी उंच हं!"

"हे उरकून येतो."

डावी बाजू दोघा कामगारांनी तासाभरात भराभर उकलून टाकली. उजवीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. दारापासून मागे, पातळ पातळ पापुद्रे काढत तो एकटाच ती उतरवत गेला. आतला लाकडी सांगाडा उघडा पडला, तरी त्याचा हात त्याच रेषेने चालत होता.