न जन्मलेल्या भावाचा निरोप

सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग लागला होता आणि आत ततामीच्या चटयांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मेलेल्यांशी बोलणारे कुराता गुरुजी आज या जपानी बंदरावरच्या गावात अवतरले होते.

"समुद्र दिसतोय," गुरुजी डोळे मिटून म्हणाले.

"हं," पुढच्या रांगेतली तोमिए म्हणाली.

"एक तरुण... नाही, पोक्त माणूस..."

"हं, हं!"

"तुझा नवरा!"

सभा शहारली. कोळ्यांच्या गावातल्या विधवेमागे समुद्र आणि नवरा दिसायला दिव्यदृष्टी कशाला लागते, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

"तो म्हणतोय, सुया टोचून घेऊ नकोस. मी सांभाळतो तुला."

तोमिएने डोळे पुसले आणि मांडीवरची इन्शुलिनची डबी गुरुजींच्या तबकात ठेवली.

तिची मुलगी चिझुरू मागे उभी राहून हे पाहत होती. इन्शुलिन सोडलं तर आई जगणार नव्हती. चिझुरू गावच्या रेडिओवर बातम्या वाचायची आणि लोकांना सभेत बोलायला शिकवायची. तिने बाहेर जाऊन संपादकांना फोन लावला.

"मी आत्ता जाऊन त्याला भामटा म्हणणार आहे."

"म्हण की! उद्या बदनामीचा दावा लागेल," संपादक ओनोदेरा करवादले. "नुसतं खरं असून भागत नाही, बाई. लोकहिताचं असावं लागतं आणि सिद्धही करावं लागतं. करशील?"

चिझुरू पुन्हा दारात आली. या वेळी तिने गुरुजींकडे लक्षच दिलं नाही, ती समोरच्या बायकांचे हुंकार ऐकत राहिली. मग ती गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन बसली. आईकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"गुरुजी, माझ्याही माणसाला बोलवा."

"एक म्हातारी..."

"हं."

"नाही, पुरुष..."

"हं, हं!"

"वडील... छे, तुझ्याच वयाचा... भाऊ!"

"हं! हं! हं!"

"ताप... नाही, पाणी..."

"हं, हं!"

"बुडाला गं पोर! म्हणतोय, ताई, शेवटी आईचा हात हवा होता."

सभेत हुंदके फुटले. तेवढ्यात तोमिए ताडकन उठली.

"कोणाचा हात? अहो, हिची आई मीच! मला ही एकुलती एक. कुठला भाऊ नि कुठलं काय!"

गुरुजींनी डोळे उघडले. "कधी कधी... दुसऱ्या घरचा आत्मा..."

"मग बाबांचा निरोप कुठल्या घरचा होता?" चिझुरूने विचारलं.

गुरुजींनी पुन्हा डोळे मिटून घेतले. चिझुरू लोकांकडे वळली.

"मी हं शिवाय एक शब्द बोलले नाही. समोरचा बोलत असताना हं म्हणायचं, ही आपली रीत. ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. पण नेम बरोबर लागला की तो हुंकार आपोआप वाढतो. यांनी डोळे मिटलेत, कान उघडे आहेत! मी चुकीच्या जागी हुंकार वाढवला, यांनी मला भाऊ दिला."

तोमिएने तबकातली डबी उचलली. "मला वाटलं गं, खरंच तेच बोलले."

"माहीत आहे, आई." चिझुरूला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत चिझुरूने कोणाचंही नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "कोणी तुमच्या मनातलं ओळखू लागला, तर एकदा तोंड घट्ट मिटून बसा आणि पाहा काय होतं ते. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, मग निरोप कोणाचाही असो."

स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसलेल्या तोमिएने सुई टोचून घेतली आणि म्हणाली, "हं, हं!"