तीन पायांचा पहारेकरी

वसंत आला होता. ताम्रवर्णी, मत्स्यगंधी, निर्लज्ज वसंत. समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनारी टेकलेल्या त्या इंग्रजांच्या वस्तीवर मावळतीचं ऊन सांडलं होतं, आणि ओढ्यात रुपेरी हेरिंग मासे उसळत होते, जणू कुणी आरसा फोडून वाहत्या पाण्यात फेकला होता.

मक्याच्या प्रत्येक आळ्यात एक मासा पुरायचा, हे त्यांना इथल्या मूळ रहिवाशांनी शिकवलं होतं. कुत्री मासे उकरतात म्हणून प्रत्येक कुत्र्याचा पुढचा एक पाय गळ्याला बांधायचा, ही अक्कल मात्र त्यांची स्वतःची. पंच ओबादायानं तसा हुकूमच काढला होता.

मग काय, व्याघ्रस्कंध, वज्रदंत टायटस कुत्रा वस्तीभर लंगडी घालत हिंडू लागला.

त्याच्या मालकिणीला, डॉर्कसला, हसू येई, आणि हसता हसता ती पाळण्याकडे पाही. तिचं दूध जहाजावरच आटलं होतं. तिचा तान्हा एनॉस जगत होता तो एका शेळीच्या आचळांवर. त्या शेळीला राखायला टायटस. तीन पायांचा.

सूर्य टेकला. माशांचा वास वाऱ्यावर चढला, अरण्यात शिरला, आणि अरण्यातून लांडगा आला. धुराच्या रंगाचा, भुकेच्या आकाराचा. कुंपण ओलांडून त्यानं शेळीचा कान धरला. रक्त उडालं, उबदार, जास्वंदलाल.

डॉर्कसचा नवरा अमॉस तोड्याची बंदूक घेऊन धावला. बार उडवायची वात, तोडा, विझलेला. चुलीकडे पळाला, पेटवून आला, नेम धरला, बार काढला. लांडगा शाबूत. घराचं धुराडं कोसळलं, आणि बंदुकीच्या धक्क्यानं अमॉस मागच्या माशांच्या टोपलीत, पाय आभाळाकडे.

टायटस झेपावला, तोंडावर आपटला. पुन्हा झेपावला, पुन्हा आपटला. डॉर्कसनं सुरीनं त्याच्या पायाची वादी सर्रकन कापली.

"जा, माझ्या वाघा."

वाघ गेला. चौखूर, वाऱ्यासारखा, लांडग्याच्या शेजारून थेट मक्याच्या शेतात. आणि माती उडवत मासे उकरू लागला.

तेव्हा तिनं कुदळ उचलली. पहिला घाव खांद्यावर. लांडगा वळला, त्याचे दात तिच्या दंडात रुतले. दुसरा घाव, तिसरा घाव. ओलं लाकूड मोडावं तसं हाड मोडलं. तो मेला, तरी ती मारत राहिली. कवटीचा चिखल होईतो, हातातलं बळ सरेतो.

पंच आला. लांडग्याकडे न पाहता उकरलेली आळी पाहून हळहळला. कुत्रा कुणी सोडला, असं त्यानं फार गंभीरपणे विचारलं. अमॉस टोपलीतून उठला, खवल्यांनी झगमगत.

डॉर्कसनं तुटकी वादी पंचापुढे धरली.

"या, पंच. तुमचा उजवा हात गळ्याला बांधते. या लांडग्याची मादी जंगलात असेल, तिला तुमचा हुकूम वाचून दाखवा."

तेवढ्यात झाडीतून एक लांब, ओली, एकाकी हाळी आली. पंचाला एकदम घरचं काम आठवलं.

ती शेळीपाशी बसली. शेळी थरथरत होती. भ्यालेलं जनावर पान्हा सोडेल? घरात एनॉस रडत होता. पहिली ओढ कोरडी. दुसरी कोरडी. मग एक धार आली, बारीक, धारोष्ण. तिच्या दंडावरचा एक थेंब वाटीत पडला, आणि दूध गुलाबी झालं.

एनॉस प्यायला. उंबऱ्यावर टायटस, चारी पायांवर ऐसपैस. पश्चिमेला रक्त, वाटीत दूध, आणि विझत्या उजेडात मासा चावल्याचा कुरकुर, कुरकुर आवाज.